गॅस भरून देऊ का?

नागपुरात उन्हाळा पंचांगातून येत नाही, माळ्यावरून उतरतो. होळी झाली की घरोघरी कूलर खाली येतात. जुनी खस उपटली जाते, टाकीचा गंज घासला जातो, आतून काळा रंग मारला जातो, पंप बादलीत बुडवून पाणी फेकतो का ते पाहिलं जातं, आणि हे सगळं करणाऱ्याला करंटचा एक हलका झटका बसला की कूलर सज्ज झाला असं मानतात. एवढी साग्रसंगीत सेवा घरातल्या दुसऱ्या कुठल्याही यंत्राला मिळत नाही. गाडीच्या एसीला तर नाहीच. त्याच्या वाट्याला वर्षातून एकदा एक बटण दाबणं येतं. थंड हवा आली तर तो चांगला. गरम आली तर त्याचा गॅस संपला. तिसरी शक्यता नागपूरकर विचारात घेत नाही. तशी ती पुणेकर, मुंबईकर, कोल्हापूरकरही घेत नाहीत, पण त्यांना विचार करायला सवड तरी असते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता व्हेरायटी चौकात सिग्नलला अडकलेल्या माणसाला ती नसते.

इथल्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना वाटतं की आम्ही वाढवून सांगतो. २०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं. देशभर बातमी झाली. मग हवामान खात्यानं खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. तो खुलासा गावाच्या मनाला लागला. सेन्सर बिघडला हे पानठेल्यांवर लगेच मान्य झालं, पण तो उन्हानंच बिघडला असणार याबद्दल तिथं दुमत नव्हतं. अशा गावात गाडीचा एसी ही चैन आहे असं फक्त दोन प्रकारचे लोक म्हणतात. एक, ज्यांच्याकडे गाडी नाही. दुसरे आमचे बाबा.

आमची गाडी २००३ सालची. लाल, छोटी, पाच दारांची. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तिची काही चूक नाही. वीस वर्षांपुढच्या गाडीच्या दुखण्याला कंपनीला जबाबदार धरायचं, तर साठीतल्या माणसाच्या गुडघ्यांसाठी सुइणीला नोटीस पाठवावी लागेल. पंधरा वर्षं पुरी झाल्यावर आरटीओनं गाडी तपासली, पर्यावरण कर भरून घेतला आणि पुढची मुदत दिली. त्या तपासणीत दिवे पाहतात, ब्रेक पाहतात, हॉर्न वाजवून पाहतात. आतला माणूस कोणत्या अवस्थेत मुक्कामी पोहोचतो, याचा रकाना त्या फॉर्मवर नाही.

एसीची गाडी आईच्या हट्टानं आली आणि एसी कधी लावायचा हे बाबांच्या हातात राहिलं. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत. जी गोष्ट उपलब्ध आहे ती आवर्तनानंच द्यायची असते, हे त्यांच्या अंगात मुरलंय. उड्डाणपूल आला, एसी बंद. ट्रक ओलांडायचाय, एसी बंद. पेट्रोलचा काटा निम्म्याच्या खाली गेला, एसी बंद. यात अगदीच तथ्य नाही असं नाही. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतो, त्याला लागणारी ताकद इंजिनच्याच ताटातून जाते, आणि छोट्या इंजिनाला चढावर ते जाणवतं. पण बाबांच्या नकाशात नागपूर हे डोंगराळ शहर आहे. वर्धा रोडसारख्या सरळसोट रस्त्यावरही त्यांना चढ सापडतो.

असा तो अर्धवेळ नोकरीवर असलेला एसी हळूहळू आजारी पडत गेला. पहिलं लक्षण पंख्याचं. एक, दोन, तीन नंबरवर संपूर्ण शांतता आणि चारवर वादळ. हे दुखणं जुन्या गाड्यांत इतकं सार्वत्रिक आहे की तीन नंबरवर पंखा चालणारी जुनी गाडी दिसली तर लोक संशयानं बघतात. कारण अगदी साधं असतं. कमी वेगासाठी विजेची वाट अडवणारा एक रेझिस्टर ब्लोअरच्या हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, म्हणजे तापला तर त्या हवेनंच थंड व्हावा. वाटेत कचरा साठून हवा कमी झाली की तो तापतो आणि एक दिवस जळतो. चार नंबरची वीज त्याला वळसा घालून थेट जाते, म्हणून तेवढा एकच वेग उरतो. काही शेकड्यांची वस्तू. ती बदलण्याऐवजी आमच्या घरानं मोठ्यानं बोलायची सवय लावून घेतली. आई मागच्या सीटवरून ओरडून विचारायची, ‘डाळीला फोडणी देऊन निघाले ना मी?’ आणि शेजारच्या स्कूटरवरचा माणूस सांगायचा, ‘मले का माहीत, काकू?’

मग वास सुरू झाला. एसी लावला की पहिला मिनिटभर ओल्या पायमोज्यांचा दर्प. यावर सगळा समाज जो उपाय करतो तोच आम्ही केला. डॅशबोर्डवर लॅव्हेंडरची बाटली आणून ठेवली. आता लॅव्हेंडर मारलेल्या पायमोज्यांचा दर्प येऊ लागला. कोणी कापूर सांगितला, कोणी उदबत्ती, एका नातेवाइकांनी कडुनिंबाचा पाला सीटखाली ठेवायला सांगितलं. जाळीवर क्लिप लावून अडकवायचं एक अत्तर मिळतं, ते हवेच्या तोंडावरच बसतं. ते लावल्यावर वास कमी झाला, कारण हवाच कमी झाली.

तिसरं लक्षण पाण्याचं. डाव्या पुढच्या सीटवर बसणाऱ्याचा पाय ओला व्हायचा. ती जागा आमच्यात पाहुण्यांची. मेहुणे लग्नाला नवे कोरे बूट घालून आले आणि स्टेशनपासून घरापर्यंत एक बूट वर उचलून बसले. बाबांनी वाकून पाहिलं आणि निर्णय दिला, ‘वहनव्यय आहे.’ कालव्यातून सोडलेलं पाणी शेतापर्यंत पोहोचताना वाटेत जेवढं मुरतं त्याला त्यांच्या खात्यात वहनव्यय म्हणतात. तो हिशेबात धरलेलाच असतो, त्यामुळे त्याबद्दल कोणी वाईट वाटून घेत नाही. मेहुण्यांनी वाईट वाटून घेतलं.

शेवटी गरम हवा आली, आणि तिथून गॅसप्रकरण सुरू होतं.

उन्हाळ्यात शहराच्या कुठल्याही मोठ्या रस्त्याकडेला एक फलक, एक स्टूल, एक सिलिंडर आणि निळा-लाल असे दोन गेज घेऊन एक माणूस बसलेला असतो. आपण गाडी पुरती थांबवायच्या आत तो विचारतो, ‘गॅस भरून देऊ का?’ काय होतंय, कधीपासून होतंय, हे विचारत नाही. आपणही सांगत नाही. तो पाइप जोडतो, सिलिंडर उलटा करतो, आपल्याला आत बसून रेस करायला सांगतो, मधेच एका ॲल्युमिनियमच्या नळीला हात लावतो. नळीला घाम फुटला की गॅस भरला. आपण जाळीपुढे हात धरतो, थंडी लागते, पैसे देतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा गरम हवा येते आणि आपण एकमेकांना सांगतो, ‘यंदा गॅस लवकर संपला.’ ज्या सुरात स्वयंपाकघरातून सिलिंडर संपल्याची खबर येते, त्याच सुरात. आमच्याकडे हा खर्च घरपट्टीशेजारी लिहून ठेवलेला होता.

या सनातन व्यवहाराला सुरुंग लावणारे मिस्त्री सक्करदऱ्याकडे भेटले. दुकान लहान, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, आणि गॅसचा सिलिंडर दर्शनी भागात नव्हताच. त्यामुळे बाबांना ते दुकान चुकीचं वाटलं.

‘गॅस भरायचा आहे,’ बाबा म्हणाले.

‘मांगच्या साली भरला होता का जी?’

‘दरसाल भरतो.’ बाबांनी हे अशा अभिमानानं सांगितलं, जणू वारीच.

‘कायले?’

‘संपतो म्हणून.’

मिस्त्र्यांनी पाना खाली ठेवला. ‘संपाले तो का पेट्रोल आहे जी? तो तं आतल्या आत फिरते. कॉम्प्रेसरमधून कंडेन्सर, तिथून कॉईल, कॉईलमधून मंग वापस. गाडी चालली म्हणून एक थेंब खर्च नाही होत. कमी झाला म्हणजे कुठून तरी निघून गेला. कुठून गेला थे पाहा लागन. थे पाहिल्याबिगर मी भरत नाही.’

गिऱ्हाइकाला नको म्हणणारा दुकानदार पाहून मी चकित झालो. बाबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. ‘म्हणजे गळती,’ ते पुटपुटले, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकले.

मिस्त्री म्हणाले त्यात रॉकेटशास्त्र काही नाही. ओल्या खसमधून वारा गेला की पाणी वाफ होताना उष्णता ओढून घेतं आणि हवा गार होते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडीच्या एसीत पाण्याच्या जागी असा पदार्थ असतो, जो मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. २००३ च्या गाड्यांत तो आर-१३४ए. कॉम्प्रेसर त्याला दाबून गरम करतो. रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो. मग एका बारीक भोकातून त्याला एकदम मोकळं सोडतात. तो डॅशबोर्डमागच्या कॉईलमध्ये जाऊन उकळतो आणि उकळायला लागणारी उष्णता आपल्या अंगाभोवतीच्या हवेतून घेतो. हवेतलं बाष्प त्या गार कॉईलवर जमून थेंब होतं आणि एका रबरी नळीतून गाडीखाली पडतं. ती नळी तुंबली की मेहुण्यांच्या बुटात. कूलरचं पाणी उडून जातं, म्हणून ते रोज भरावं लागतं. गाडीतला गॅस बंद नळ्यांत कोंडलेला असतो. पण कूलरवर वाढलेल्या आम्हा लोकांना थंडावा देणारी प्रत्येक गोष्ट भरावीच लागते, असं वाटतं. रस्त्याकडेच्या त्या स्टुलाचं सगळं अर्थशास्त्र या समजुतीवर उभं आहे.

या गॅसला इतिहासही आहे. अमेरिकेत १९२८ साली टॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रिऑन तयार केला. त्याआधीचे शीतक विषारी नाहीतर ज्वालाग्राही असत. हा तसा नाही, हे दाखवायला मिजलीनं १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीभर ओढला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या. माणसाच्या फुप्फुसाला त्यानं काही केलं नाही ते खरंच, पण पुढे १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिलं की हा वायू वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने त्याचे दिवस भरले, आणि त्याच्या जागी आर-१३४ए आला. पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची युक्तीही याच मिजलीची. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हवेचं आणि आत येणाऱ्या हवेचं, दोन्हींचं कल्याण एकाच माणसानं करून ठेवलं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

मोटारीत कारखान्यातूनच एसी बसवून देण्याचा पहिला मान अमेरिकेतल्या पॅकार्डचा, १९४० च्या मॉडेलचा. त्याची यंत्रणा डिकीत बसायची आणि सामानाची जागा खायची. आणखी गंमत म्हणजे गारवा बंद करायची सोय आत नव्हती. गाडी थांबवून, खाली उतरून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टाच काढावा लागे. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘आणि चढ आला म्हणजे?’

असो. मिस्त्र्यांनी पाइप जोडून नायट्रोजनचा दाब भरला आणि वाटीत साबणाचा फेस केला. ब्रश बाबांनी मागून घेतला. जिथं जिथं नळ्या जुळतात तिथं फेस लावायचा आणि बुडबुडा येतो का पाहायचं. बाबांनी आख्खं बॉनेट फेसाळून टाकलं. एका जोडावर बारीकसा बुडबुडा आला, तिथली रबरी ओ-रिंग कडक होऊन तडकली होती. बाबा इतके खूश झाले की त्यांनी तो बुडबुडा आईला फोनवर दाखवला. पण मिस्त्र्यांचं समाधान झालं नाही. दाब अजून उतरत होता.

‘कॉईल पाहा लागन. डॅशबोर्ड उतरवा लागन.’

जुन्या गाडीच्या मालकासाठी याहून भीतिदायक वाक्य नाही. डॅशबोर्ड ही एकदाच बसवायची वस्तू आहे. ती काढली की तिच्या क्लिपा मोडतात आणि बसवल्यावर ती जन्मभर किरकिरते. शिवाय ती काढायच्या आधी तिच्यावरचं सगळं काढावं लागतं. शेगावच्या गजानन महाराजांची मूर्ती डबल टेपनं चिकटवलेली होती. मिस्त्र्यांनी हात धुतले, नमस्कार केला, आणि ती न दुखावता सोडवायला बाकी सगळ्या कामापेक्षा जास्त काळजी घेतली. नंतरच्या स्क्रूंना तेवढा आदर मिळाला नाही.

एव्हाना आईही दुकानात येऊन पोहोचली होती. आत काय सापडलं? काचेखालच्या फटीतून तांदळाचे दाणे आत गेले होते. गाडी आली त्या दिवशीच्या पूजेच्या अक्षता, आईनं रंगावरून ओळखल्या. टोलच्या दोन पावत्या, त्यांवरची अक्षरं उडालेली. शेंगदाण्यांची टरफलं, ज्यांची जबाबदारी कोणीही घेतली नाही. एक रुपयाचं नाणं, ज्यावर तिघांनी हक्क सांगितला. माझ्या भाच्याच्या खेळण्यातल्या सैनिकाचं धड. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे, पण ते पाहून त्यानं फोनवर विचारलं, ‘डोकं मिळालं का?’ आणि ब्लोअरच्या डब्यात कापसाचं, सीटच्या फोमचं आणि वर्तमानपत्राचं एक नीटस घरटं. उंदीर नव्हता. घर सोडून गेला होता. मिस्त्री म्हणाले, ‘तोही गर्मीनं गेला असन.’

आमच्या गाडीत केबिन फिल्टर नाही. त्या काळातल्या पुष्कळ छोट्या गाड्यांत नसायचा. वायपरखालच्या जाळीतून जे काही आत येईल ते थेट कॉईलवर जाऊन बसतं. विदर्भात काय काय येतं याचा विचार करा. कोराडीच्या वीजकेंद्राची राख, रस्त्याची धूळ, कडुनिंबाचा मोहोर, उन्हाळ्यात सावरीचा उडणारा कापूस. कॉईल गार आणि ओली असल्यामुळे आलेला पाहुणा तिथंच चिकटतो. मिस्त्र्यांनी कॉईलच्या तोंडावरून बोटानं कड धरून जे सोलून काढलं ती एका तुकड्यात निघालेली करडी, बोटभर जाड वाकळ होती. वास तिचाच. पंखा अडवणारी तीच, रेझिस्टर जाळणारी तीच, आणि तिचीच एक गोळी वाहून जाऊन पाण्याच्या नळीत अडकलेली. इतकी वर्षं आम्ही ज्यांवर वेगवेगळे उपाय करत होतो, ती सगळी दुखणी दुकानाच्या पायरीवर एकत्र पडली होती. आई खाली बसून तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘आणि हे आपण नाकानं ओढत होतो.’ बाबा म्हणाले, ‘चार नंबरवर.’

त्याखाली कॉईलच्या एका कोपऱ्यात तेलकट काळा डाग होता. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं. जिथून गॅस जातो तिथं तेल थोडं थोडं मागं राहतं आणि धूळ धरतं. मिस्त्र्यांनी डागावर बोट ठेवलं. ‘हे पाहा. इथून तुमचे दरसालचे पैसे गेले.’

बाबांनी आयुष्यभर कालव्यांच्या भेगा बुजवल्या. त्यांनी ताबडतोब डाक लावून मिळेल का विचारलं. ‘लावून देईन जी, पण पातळ ॲल्युमिनियम आहे, आतून खाल्लं आहे. आज इथं बुजवलं का उद्या बाजूले निघन. एक उन्हाळा नाही काढणार.’ बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘अस्तरीकरणच नवं करावं लागेल.’ म्हणजे नवी कॉईल. जुनी त्यांनी पिशवीत घालून घरी आणली. तिचं काय करणार हे विचारायची घरात कोणाची छाती झाली नाही.

एकदा उघडल्यावर बाकीची कामं भराभर झाली. रेझिस्टर नवा. हवा वर-खाली वळवणाऱ्या पडद्यांवरचा फोम कुजून त्याचे काळे कण जाळीतून पांढऱ्या शर्टावर उडत, तो खरवडून नवा लावला. बाहेरची हवा बंद करणारा खटका ‘उघडा’ या जागी अडकला होता, म्हणजे आमचा छोटा एसी सगळं नागपूर थंड करायला बसला होता. तो सोडवला. हीटरचा नळ पुरता बंद होत नव्हता, इंजिनचं उकळतं पाणी थोडं थोडं आत फिरत होतं. मिस्त्री म्हणाले, ‘हीटर कायले पाहिजे इथं? बायपास मारून देतो.’ यावर मात्र बाबांनी ठाम नकार दिला. कारण उन्हाळ्यात इंजिन तापलं की हीटर पूर्ण उघडायचा, त्यानं इंजिनची उष्णता आत येते आणि इंजिन वाचतं. ही युक्ती खरी आहे, जाणते ड्रायव्हर ती वापरतात. आम्हीही अनुभवली आहे, एका मे महिन्यात रामटेकच्या रस्त्यावर, चौघांनी, काचा उघड्या ठेवून. इंजिन वाचलं.

मग व्हॅक्यूम. नळ्या उघडल्या की हवेसोबत ओल आत जाते. ती राहिली तर त्या बारीक भोकात बर्फ धरते, एसी कधी गार कधी कोमट असं करू लागतो, आणि तेलाशी मिळून ती आतून धातू खाते. म्हणून आधी पंपानं सगळं ओढून काढायचं आणि ओल शोषणारा ड्रायर नवा बसवायचा. पंप अर्ध्या तासापेक्षा जास्त चालला. रस्त्याकडेच्या स्टुलावर ही पायरी मी कधी पाहिलेली नाही. तिथं अर्ध्या तासात चार गाड्या होतात. व्हॅक्यूम टिकला, काटा हलला नाही. तेव्हा कुठे मिस्त्र्यांनी आतून सिलिंडर आणला आणि तो वजनकाट्यावर ठेवला. गॅस मोजून घालायचा असतो. कमी झाला तरी गारवा नाही आणि जास्त झाला तरी नाही. बॉनेटच्या आतल्या पट्टीवर आकडा छापलेला असतो. नळीला फुटणाऱ्या घामाचा त्यात उल्लेख नसतो.

डॅशबोर्ड बसल्यावर तीन स्क्रू उरले. आमचे चेहरे पाहून मिस्त्री म्हणाले, ‘हे तुमच्या गाडीचे नाहीतच जी. मांगच्या कोण्या मिस्त्र्यानं दुसऱ्या गाडीचे टाकले होते.’

मधल्या जाळीत थर्मामीटर खोचला. बाहेर ४३, जाळीत ८. तोही दोन नंबरवर. वीस वर्षांच्या गाडीत आम्ही पहिल्यांदा हळू आवाजात बोललो आणि सगळ्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं. शेवटी आईनं विचारलं, ‘काच उघडू का? बाधेल.’

त्या रात्री बाबा पॅड घेऊन बसले. एका वेळी गाडीत साधारण अर्धा किलो गॅस. आर-१३४ए ओझोनला काही करत नाही, पण एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी पृथ्वी तापवतो. म्हणजे अर्ध्या किलोचे सातशेच्या वर. एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो. म्हणजे एका भरणीची गळती सुमारे ३०० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४,५०० किलोमीटर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ‘आपली गाडी,’ बाबांनी जाहीर केलं, ‘दरसाल गॅरेजमध्ये उभ्या उभ्या तीनदा मुंबईला जाऊन येत होती.’ पेट्रोलचा काटा निम्म्यावर आला की एसी बंद करणाऱ्या माणसाला हा आकडा किती लागला असेल, ते त्यांनी त्याखाली मारलेल्या दोन रेघांवरून दिसत होतं.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एसीवाल्याकडे मे महिन्यात जाऊ नका. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, कोणालाच गळती शोधायला वेळ नसतो, तुम्हालाही नाही. फेब्रुवारीत जा. ‘गॅस भरून देऊ का’ असं कोणी विचारलं तर ‘आधी गळतं कुठं ते दाखवा’ म्हणा. तो चिडला तर पुढच्या दुकानात जा. वायपरखालचा पाला हातानं काढत जा, आणि मुक्कामाला पोहोचायच्या काही मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे कॉईल वाळते आणि वास धरत नाही. हा शेवटचा नियम मिस्त्र्यांनी सांगितला आणि बाबांना तो फार आवडला. ते तो घरातून निघतानाच पाळतात.